आकड्याखालची रेघ

एप्रिल महिन्याच्या सतरा तारखेस, मंगळवारी, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, डाकघरासमोरून डोंगराकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावरील एका दुमजली घराच्या वरच्या खोलीत तीन गोष्टी लागोपाठ घडल्या. मधल्या शिखराच्या डावीकडे वीज पडली. फोटोग्राफरने हातातली कळ सोडून कॅमेऱ्याचे शटर मिटले. आणि त्याच्या थोरल्या बहिणीने उजव्या हाताची तर्जनी गुडघ्यावर आपटत मोजायला सुरुवात केली.

हा क्रम एकोणीस वर्षे बदललेला नव्हता. खाली स्टुडिओ, वर राहते घर, आणि घराच्या उत्तर टोकाला ही खोली, जिच्या एकुलत्या एका खिडकीत तिन्ही शिखरे चौकटीत बसवल्यासारखी दिसत. खिडकीचे डावे दार उघडे. त्याच्यापासून हातभर आत, पाऊस पोचणार नाही अशा बेताने, तिपाईवर कॅमेरा. उजवे दार बंद. त्याच्या काचेशी ताईची वेताची खुर्ची. वादळ डोंगरावर जमले की दोघे आपापल्या जागी येऊन बसत. तो शटर उघडे ठेवून वाट पाही, वीज पडली की मिटे, आणि रीळ पुढे सरकवी. ती चमक दिसल्यापासून गडगडाट पोचेपर्यंतचे सेकंद मोजी आणि आडव्या वहीत तारीख, वेळ व दिशा यांच्या शेजारी तो आकडा लिही. प्रकाश डोळ्याला तत्क्षणी भिडतो आणि आवाज मागून रमतगमत येतो. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर, असा हिशेब. आकडा दहाच्या आत आला की खिडकी लावायची, कॅमेरा उचलायचा आणि चहा प्यायला स्वयंपाकघरात जायचे, हा या खोलीचा कायदा होता, आणि तो ताई सांगे तेव्हा लागू होई.

एका चौकटीत एकच वीज, हा दुसरा कायदा फोटोग्राफरने केलेला होता. लोक एकाच फिल्मवर चार-पाच विजा साठू देतात आणि आकाशाला तडे गेल्यासारखे भपकेदार चित्र मिळवतात, हे त्याला ठाऊक होते आणि मान्य नव्हते. "ते आकाश कुणी पाहिलेलं नसतं," असे तो म्हणे. फोटोच्या मागे आकडा लिहायचा तर तो कोणत्या विजेचा, याबद्दल शंका राहता कामा नये. शंका हा शब्द त्याच्या तोंडी दिवसातून किमान दहादा येई. गावात त्याला 'पासपोर्टवाले' म्हणत, कारण चाळीस वर्षे तो लोकांना पांढऱ्या पडद्यासमोर बसवून "हनुवटी खाली, नजर समोर, दोन्ही कान दिसू द्या" असे सांगत आला होता, आणि कुणी "एक कान नाही दिसला तर काय बिघडतं?" असे विचारले, तर गाडी गाठायच्या घाईतल्या गिऱ्हाइकालासुद्धा नियमाचे कारण ऐकवल्याशिवाय सोडत नसे.

पण गेल्या महिन्यात वेधशाळेचे पत्र आले होते. या डोंगरावरील वादळांचे दोनशे बारा फोटो, मागील नोंदींसह, वेधशाळेच्या कायम संग्रहात घेण्याचा विचार आहे. नोंदी विश्वसनीय आढळल्यास सर्व स्वीकारू, अन्यथा आभारपूर्वक परत करू. निरीक्षक गुरुवारी, एकोणीस तारखेस, समक्ष येतील. पत्रात दोघांची नावे एकाच ओळीत होती: छायाचित्रे अमुक यांची, अंतरमोजणी अमुक यांची. ताईने ते पत्र आठ दिवस उशीखाली ठेवले होते. फोटोग्राफरने ते दर्शनी काचेत लावले नाही एवढेच, पण स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येकाला, काही ना काही निमित्त काढून, वाचायला दिले होते.

तर त्या मंगळवारी, सहा वाजून दहा मिनिटांनी, रिळात एकच फ्रेम उरली. नवे रीळ घालावे की वादळ दूर सरकते आहे असे समजून थांबावे, हे ठरवण्यासाठी त्याने, जे तो एरवी कधी करत नसे ते केले: मोजणी संपल्यावर पाठीमागून विचारले.

"किती आले गं?"

ताई वहीत लिहीत राहिली.

त्याला वाटले, दुपारचा राग अजून आहे. दुपारी कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या यावरून दोघांची जुंपली होती. तो चार म्हणत होता. ताई म्हणत होती, एकही झाली नाही, आणि तो तिला हट्टी म्हणाला होता. आता थट्टेत समेट करावा म्हणून तो तिच्या खुर्चीमागे येऊन वाकला आणि अगदी सहज आवाजात म्हणाला, "ताई, तुझ्या डोक्यावर पाल आहे."

ताई पालीला घाबरत असे हे म्हणणे कमी पडेल. ती टायपिंग शिकवत असे त्या क्लासमध्ये एकदा भिंतीवरून पाल पडली तेव्हा चाळीस विद्यार्थ्यांदेखत ती मशिनांच्या टेबलावर चढून उभी राहिली होती, आणि पाल गेल्याची तीन जणांनी ग्वाही दिल्याशिवाय उतरली नव्हती.

ती हलली नाही. समोर डोंगरावर आणखी एक वीज पडली. तिची तर्जनी गुडघ्यावर चालू लागली, डावा तळवा नेहमीप्रमाणे काचेवर टेकलेला. फोटोग्राफर तिच्या मानेकडे पाहत उभा राहिला. गडगडाट केव्हा आला हे त्याच्या ध्यानातही आले नाही. तर्जनी थांबली, ताईने पेन उचलले आणि लिहिले: एकवीस. मग पेन ठेवून पेन्सिल घेतली आणि आकड्याखाली एक बारीक आडवी रेघ ओढली.

तो कॅमेऱ्यापाशी परत गेला. शेवटची फ्रेम तशीच राहिली.

*

बुधवारी सकाळी त्याने स्टुडिओला कुलूप घातले, दारावर 'दुपारनंतर' अशी पाटी लावली आणि एकोणीस वह्या डार्करूममधल्या टेबलावर मांडल्या. ताईला ऐकू येत नव्हते. ऐकू येत नसताना ती गडगडाटाचे सेकंद लिहीत होती. या दोन विधानांतून निघणारे तिसरे विधान इतके उघड होते की ते त्याने मनातसुद्धा पुरते उच्चारले नाही. त्याला फक्त एक गोष्ट शोधायची होती: हे केव्हापासून?

शेवटच्या सहा-सात वह्यांत अक्षर कुठे बदलले नव्हते. आकडे उगीच गोलमोल नव्हते. दहा-वीस-तीस असे कुठे साचलेले दिसत नव्हते. पण सोळाव्या वहीच्या मध्यावर, साडेतीन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरातल्या एका नोंदीखाली, पेन्सिलीची पहिली रेघ होती. मग तीन नोंदी सोडून दुसरी. मग एक सोडून एक. आणि सतराव्या वहीपासून पुढे जवळजवळ प्रत्येक आकड्याखाली ती बारीक, सरळ, पट्टीने ओढावी तशी रेघ.

या रेघा त्याने पाहिल्या नव्हत्या असे नव्हे. दर महिन्याच्या शेवटी वहीतले आकडे निवडक फोटोंच्या मागे काळ्या शाईने उतरवण्याचे काम त्याचे असे. रेघा पाहून त्याने तेव्हा ठरवले होते की, शब्दाखाली रेघ मारण्याची टायपिंगवाल्यांची खोड अजून गेलेली नाही. फोटोच्या मागे असला गबाळेपणा शोभत नाही, म्हणून त्याने रेघा गाळल्या होत्या. त्याचे उतरवणे नेटके होते आणि त्या नेटकेपणाचा त्याला अभिमान होता.

रेघ असलेले आकडे ज्यांच्या मागे गेले असे फोटो त्याने मोजले. त्र्याऐंशी.

तो वर गेला तेव्हा त्याची बायको स्वयंपाकघरात शेंगा निवडत बसली होती.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारले.

"कशाबद्दल म्हणताय ते आधी सांगा. मला बरंच काही माहीत असतं."

"ताईला ऐकू येत नाही."

"हं. मला कळून तीन वर्षं होत आली." तिने एक किडकी शेंग बाजूला टाकली. "दार वाजलं की त्या माझ्या तोंडाकडे बघतात, दाराकडे नाही. तेवढ्यावरून कळलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला काही सांगितलं की त्याचे तुम्ही मुद्दे करता. एक, दोन, तीन. मग संध्याकाळपर्यंत सगळं घर मुद्दा क्रमांक दोनवर अडकून बसतं. आणि खरं सांगू का? तुम्ही घरात बोलताच असे की डाकघरातल्या माणसाने तिकीट चिकटवायचं थांबवावं. ताईंना अडचण कसली व्हायची होती?"

"अगं, ती वीज मोजते!"

"मग? चुकीचं मोजतात का?"

तो अधिकच चिडला. तेवढ्यात ताई हातात धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवरून आली. दोघांची तोंडे पाहून तिने बादली खाली ठेवली.

"काय झालं? कोण गेलं?"

फोटोग्राफर तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. आयुष्यात प्रथमच त्याला आपला आवाज किती ठेवावा हे कळेना. शेवटी तो हळूच म्हणाला, "काल मी पाल म्हणालो होतो."

ताईने दचकून वर पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले, आणि काय ते समजून खुर्ची ओढून बसली.

"उजवा कान आधी गेला," ती म्हणाली. "मग डावा. भांडं पडलं तर अजून येतं थोडंफार. माणसाचं बोलणं तोंडावरून कळतं. तुझं तर लांबूनही कळतं, तू बोलताना भुवयासुद्धा हलवतोस."

"आणि गडगडाट?"

"तो हाताला येतो."

"हाताला?"

"काचेला हात लावून बसते ना मी? आधी काच थरथरते, मग खुर्चीचा हात. चाळीस मशिनं एका लांब टेबलावर असायची आमच्याकडे. मी डोळे मिटून टेबलावर हात ठेवायचे आणि सांगायचे, खिडकीकडून सहावी, का थांबलीस? पोरी म्हणायच्या, बाईंना पाठीला डोळे आहेत. पाठीला नव्हते, हाताला होते." ती किंचित हसली. "कान त्याच टेबलाने खाल्ले, आता हात तरी कामाला येतोय."

"ताई, चार वर्षं तू मला फसवत होतीस."

तिचे हसू गेले.

"फसवायचं असतं तर रेघ कशाला ओढली असती? कानाने मोजलं त्याला रेघ नाही. हाताने मोजलं त्याच्याखाली रेघ. काचेला काही आलंच नाही तिथे जागा कोरी. पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, तू उतरवताना विचारशील, ही रेघ कसली? तेव्हा सांगेन. महिना गेला, वर्ष गेलं. माझ्या वह्या तुझ्याइतक्या कुणी वाचल्या नसतील, धाकट्या, आणि तू एकदा विचारलं नाहीस."

त्याने मुद्दे मोजायला बोट वर केले.

"मी उद्या निरीक्षकांना सांगणार. त्र्याऐंशी फोटो आपण मागे घेतो."

"सांग ना. सांगायलाच हवं. पण मागे का घ्यायचे?"

"कारण काच वाऱ्यानेही थरथरते. खालून लॉरी गेली तरी थरथरते. जे सिद्ध करता येत नाही ते मी फोटोच्या मागे लिहिणार नाही. आणि त्र्याऐंशी काढून घेतल्यावर उरलेल्यांवर तरी ते विश्वास का ठेवतील? म्हणजे सगळेच गेले. मुद्दा पहिला..."

ताईने खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

वाद संपवण्याचे हे साधन चार वर्षे तिच्या हाताशी होते आणि तिने ते आजवर एकदाही वापरले नव्हते. फोटोग्राफरने पहिला मुद्दा मांडला, दुसरा मांडायला सुरुवात केली, आणि आपण एका अंबाड्याशी बोलत आहोत हे त्याच्या लक्षात आले. बायकोने शेंगांचे सूप उचलले.

"तिसरा मला सांगा हवं तर," ती म्हणाली. "मला येतं ऐकू."

*

त्या संध्याकाळी डोंगरापलीकडे एक लहानसे वादळ आले. ताई खोलीत आली नाही. फोटोग्राफरने कॅमेरा लावला नाही. त्याने दाराला कडी घातली, दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबले, ताईच्या खुर्चीत बसला आणि तळवा काचेवर ठेवला.

वीज चमकली. तो मोजू लागला. सातव्या आकड्याला काच थरथरली असे त्याला वाटले. अकराव्या आकड्याला खात्रीने थरथरली, पण खालून जाणारी दूधवाल्याची गाडीही त्याच वेळी दिसली. दुसऱ्या विजेला वीसपर्यंत मोजून तो पुढचे विसरला. तिसऱ्या वेळी हाताकडे लक्ष द्यावे तर मोजणी सुटे, आणि मोजणीकडे द्यावे तर हात लाकडासारखा निर्जीव होई. चौथ्या वेळी मात्र काही तरी आले. खोल पाण्यात दगड टाकल्यावर काठाला उशिरा कळावे तसे काही मनगटापर्यंत पोचले आणि विरले. तो इतका चकित झाला की आकडा कितीवर होता हे त्याला सांगता येईना.

तो तळवा काचेवरून न काढता बसून राहिला. शिखरांच्या मागे ढग आतून उजळत आणि मावळत होते, आवाज नव्हता, आणि एकोणीस वर्षांत ही खोली इतकी शांत त्याने अनुभवली नव्हती. ताई गेली चार वर्षे या शांततेत बसत होती. दहाच्या आत आकडा आला की ती सांगे आणि तो निमूट कॅमेरा उचली. म्हणजे त्याचा जीवही इतकी वर्षे त्याच तळव्यावर विसंबून होता. हा विचार त्याला हलवून गेला. पण तो पुरावा नव्हता. कापूस काढून टाकताना त्याने निष्कर्ष काढला की असे मोजता येत नाही. या निष्कर्षाला आधार एवढाच होता की ते त्याला आले नव्हते. पण त्या रात्री हे त्याला कुणी दाखवून दिले नाही, कारण दाखवून देणारी भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

*

गुरुवारी आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते. निरीक्षक अकरा वाजता आल्या: चाळिशीच्या, सडपातळ, गळ्यात स्टॉपवॉच, हातात जाड पुठ्ठ्याची फाइल. जिना चढून वर आल्या, खिडकीपाशी गेल्या, निळ्या आकाशाखाली लख्ख उभी असलेली तीन शिखरे पाहिली आणि स्टॉपवॉच गळ्यातून काढून खिशात ठेवले.

"मॅडम, तुमच्याच खात्याने आज वादळ सांगितलं होतं ना?" बायकोने पाण्याचा पेला पुढे करत विचारले.

"सांगितलं होतं," निरीक्षक म्हणाल्या. "म्हणूनच मी छत्री आणली नाही."

फोटोग्राफरची बायको आणि निरीक्षक यांचे त्या क्षणापासून जमले.

फोटोग्राफर मात्र बसला नाही. रात्रभर घोकलेले विधान त्याने उभ्यानेच सांगितले. मोजणी करणाऱ्या त्याच्या भगिनीस गेली चार वर्षे ऐकू येत नाही. त्या काळातले आकडे तिने काचेच्या थरथरीवरून घेतले आहेत. तिने प्रत्येक आकड्याखाली तशी खूण केली होती. ती खूण फोटोंच्या मागे उतरवताना त्याने, स्वतःच्या अकलेने, गाळली. त्यामुळे त्र्याऐंशी फोटो तो मागे घेत आहे, आणि उरलेल्यांबाबत निरीक्षकांचा निर्णय त्याला मान्य असेल.

"खूण तुम्ही गाळलीत?" निरीक्षकांनी विचारले.

"हो. मी गाळली."

"का?"

"नीटनेटकं दिसावं म्हणून."

निरीक्षकांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिले. ताई आपल्या खुर्चीत बसून एकदा याच्या, एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. 'मी गाळली' हे शब्द भावाच्या ओठांवर दोनदा आलेले तिने पाहिले होते. कालपासून मिटलेले तोंड तिने उघडले.

"मॅडम, मी एक विचारू?"

"विचारा ना."

"मधल्या शिखरावर तो लोखंडी मनोरा आहे. दिसतो का? तो एकोणीस वर्षांत जागचा हलला आहे का?"

निरीक्षकांनी खिडकीतून पाहिले. शिखराच्या टोकावर, टाचणीएवढा, मनोरा उभा होता. मग त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली आणि फोटोग्राफरकडे वळल्या.

"वीज थेट मनोऱ्यावर पडली आहे, असे फोटो किती आहेत तुमच्याकडे?"

दोनशे बारा फोटो त्याने तारखेने लावले होते, वेळेने लावले होते, एकदा तर विजेच्या फांद्यांच्या संख्येने लावले होते. जागेने लावावेत असे त्याला कधी सुचले नव्हते. मनोरा हलत नाही. खिडकी हलत नाही. तेव्हा मनोऱ्यावर पडलेल्या प्रत्येक विजेचा आकडा, कानाने मोजा की हाताने, एकच यायला हवा. आणि ती वीज खरोखर मनोऱ्यावरच पडली होती, याची ग्वाही कुणाच्या कानाची नव्हे, त्याच्या स्वतःच्या फोटोंची होती.

"काढतो," तो म्हणाला, आणि खाली धावला. एकसष्टाव्या वर्षी तो जिन्यावरून धावला हे बायकोने नंतर बरेच दिवस सांगितले.

चौदा फोटो निघाले. जमिनीवर सतरंजी अंथरून त्याने ते पालथे मांडले: पहिल्या रांगेत रेघेपूर्वीचे नऊ, दुसऱ्या रांगेत रेघेनंतरचे पाच. निरीक्षक गुडघ्यांवर बसल्या. ताईने मांडीवर वह्या घेतल्या. फोटोग्राफर तारीख वाची, ताई वहीतली नोंद बोटाने दाखवी, निरीक्षक दोन्ही ताडून पाहत आणि खूण करत. दुसरी रांग आधी झाली, कारण सर्वांचा जीव तिथेच अडकला होता.

सव्वीस. सव्वीस. सत्तावीस. सव्वीस. सत्तावीस.

"मनोरा इथून नऊ किलोमीटर आहे," निरीक्षक म्हणाल्या. "सव्वीस यायला हवेत. हवा थंड असेल तर आवाज हळू चालतो, मग सत्तावीस. हे दोन्ही सत्तावीस केव्हाचे आहेत?"

फोटोग्राफरने तारखा वाचल्या. एक जानेवारीतला होता, दुसरा डिसेंबरातला.

ताईने तळहात पदराला पुसला, जणू परीक्षा त्याचीच चालली होती. आणि तशी ती होतीच.

"आता पहिली रांग," निरीक्षक म्हणाल्या.

सव्वीस. सत्तावीस. सव्वीस. सव्वीस. सव्वीस. सत्तावीस. एकतीस.

निरीक्षक थांबल्या. "एकतीस?"

फोटोग्राफर फोटोवर वाकला. हा फोटो त्याच्या सर्वोत्तम फोटोंपैकी एक होता: वीज मनोऱ्यावर सरळ उतरलेली, एकही फांदी नाही, आणि खालचा सगळा उतार दगडागणिक उजळलेला. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. ताईचे दोन्ही कान तेव्हा ठणठणीत होते. जी मोजणी त्याने निःशंक मानली होती तिच्यातच चूक निघावी आणि तिच्यासकट सगळेच कोसळावे, असा तो क्षण होता.

ताई वही चाळत होती. पान सापडल्यावर तिने ते डोळ्यांजवळ नेले, मग वही उलटी करून सर्वांपुढे धरली.

अक्षर तिचे नव्हते. लफ्फेदार, उजवीकडे झुकलेले, शेवटच्या अक्षराला उगीच शेपूट काढणारे ते अक्षर दर्शनी काचेवरच्या पाटीचे होते.

"मी दवाखान्यात होते त्या आठवड्यात," ताई म्हणाली. "डोळ्याचं ऑपरेशन होतं. तेवढी एकच वीज मोजली यानेच."

"कानाने?" निरीक्षकांनी विचारले.

"दोन्ही कानांनी," ताई म्हणाली. "पण हा घाईत मोजतो. बोलतो तसंच मोजतो. एका सेकंदात सव्वा आकडा."

बायकोने पदर तोंडाला लावला, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. ती जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशी हसली. ताईला ते ऐकू आले नाही, पण तिचे खांदे हलताना दिसले आणि मग तीही हसू लागली. फोटोग्राफरने एकतीसचा फोटो उचलून पाहिला, पालथा केला, पुन्हा उलटला. त्याच्या मनात एक मुद्दा आला होता. तो त्याने मांडला नाही. फोटो बाजूला ठेवून तो ताईच्या समोर, ओठ नीट दिसतील अशा अंतरावर, जमिनीवर बसला.

"रेघा मी आजच घालतो," तो म्हणाला. "त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी. पेन्सिलीने घालू की शाईने?"

"शाईने घाल," ताई म्हणाली. "आणि पट्टी घेऊन घाल. तुझी रेघ वाकडी जाते."

पहिल्या रांगेतले उरलेले दोनही सव्वीसचे निघाले. निरीक्षकांनी चौदा ओळी पुन्हा एकदा ताडून पाहिल्या, खाली सही केली, तारीख घातली आणि उठून गुडघे झटकले. मग ताईकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा ठेवत, त्या म्हणाल्या:

"दोनशे अकरा फोटो ग्राह्य आहेत, रेघांसह. एकतीसचा बाद."